धागा: झार अलेक्झांडर दुसरा आणि १८६१ ची भूदासमुक्ती – कायदा नेमका कसा चालला?

नेवाकाठ

अलेक्झांडर दुसऱ्यावर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते दोन वाक्यांत संपतं. त्याने २ कोटींवर भूदास (जमीनदाराच्या मालकीचे, जमिनीला बांधलेले शेतकरी) मुक्त केले आणि पुढे त्याच्यावर बॉम्ब पडला. मधली वीस वर्षं गायब! या धाग्यात मुक्तीच्या कायद्याची यंत्रणा मांडू या: जमीन कोणाला किती मिळाली, पैसे कोणी कोणाला दिले, गाडं कुठे अडलं.

आधी तारखांबद्दल. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या तारखेत १२ दिवस मिळवले की आपली तारीख येते. मुक्तीचा जाहीरनामा १९ फेब्रुवारी १८६१ चा, म्हणजे आपल्या हिशोबाने ३ मार्च. खाली सगळीकडे जुनी तारीख वापरतो, नाहीतर एकच घटना दोनदा घडल्यासारखी वाटते.

चरित्र थोडक्यात: जन्म १७ एप्रिल १८१८, मॉस्कोचं क्रेमलिन. वडील निकोलस पहिला, शिक्षक कवी झुकोव्स्की. १८३७ मध्ये युवराज म्हणून देशभर दौरा केला, त्यात सायबेरियाही आला. १८५५ च्या फेब्रुवारीत गादीवर बसला तेव्हा क्रिमियाचं युद्ध हरत चाललं होतं. पुढच्या वर्षी पॅरिसचा तह होऊन काळ्या समुद्रात आरमार ठेवण्याचा हक्क गेला. त्याच महिन्यात मॉस्कोच्या सरदारांपुढे तो म्हणाला की भूदासपद्धत खालून मोडली जाण्यापेक्षा वरून मोडलेली बरी.

तरी पुढे पाच वर्षं गेली. जानेवारी १८५७ मध्ये गुप्त समिती बसली. नोव्हेंबर १८५७ मध्ये विल्नाचा गव्हर्नर-जनरल नाझिमोव्ह याला पत्र गेलं आणि ते छापल्यामुळे विषय उघडा झाला. मग प्रांतोप्रांतीच्या सरदारांच्या समित्या आणि १८५९ पासून रोस्तोव्त्सेव्हच्या हाताखाली मसुदा आयोग. मसुद्याचा खरा भार निकोलाय मिल्युतिनने उचलला. शेवटी निघाले ते एकूण १७ कायदे, आणि त्यांची भाषा अशी की शिकलेल्यालाही दोनदा वाचावी लागे.

काय लगेच मिळालं: शरीराची मुक्ती, विनामोबदला. लग्नाला मालकाची परवानगी नको, मालमत्ता स्वतःच्या नावावर, व्यापार करता येतो, कोर्टात जाता येतं, माणूस विकता येत नाही.

काय लगेच मिळालं नाही: जमीन. ती सगळी मालकाचीच धरली गेली. शेतकऱ्याला घरठाणाची जागा आणि शेताचा वाटा कायमच्या वहिवाटीला मिळे, आणि त्याबदल्यात तो खंड (ओब्रोक) भरी किंवा वेठ (बारश्चिना) करी. विकत घेण्याचा करार होईपर्यंत त्याचा कायदेशीर दर्जा 'तात्पुरता बांधील' असा. हे 'तात्पुरतं' किती काळ, ते कायद्यात लिहिलेलंच नव्हतं.

पहिली दोन वर्षं कबुलायती बनवण्यासाठी होती. प्रत्येक मालकाने गावाची कबुलायत लिहायची: पुरुष किती, जमीन किती, खंड किती. 'शांती-मध्यस्थ' नावाचा अधिकारी ती गावापुढे वाचून तपासणार आणि मंजूर करणार. हा मध्यस्थ स्थानिक सरदारांतूनच नेमलेला. मोजणी १८५८ च्या शिरगणतीतल्या पुरुषांवर होती. बायकांचा वाटा शून्य, त्यामुळे ज्या घरात मुलीच जास्त त्याला जमीन कमी.

वेठीचा दर पूर्ण वाट्याला वर्षाला पुरुषाचे ४० दिवस, बाईचे ३० दिवस. यातले तीनपंचमांश दिवस उन्हाळ्यात, म्हणजे नेमके स्वतःच्या कापणीच्या वेळी.

खंडाचा आणि किमतीचा हिशोब रूबलपैसा यांनी मांडावा, तो त्यांचा प्रांत आहे.

चौकसबाई

एक शंका. सही १९ फेब्रुवारीला आणि जाहीर केलं ५ मार्चला. मधले दोन आठवडे काय करत होते? छपाई?

नेवाकाठ

छपाई होतीच, पण खरं कारण मास्लेनित्सा. ग्रेट लेंट या मोठ्या उपवासाआधीचा आठवडा. आपल्या शिमग्यासारखाच दंगा, शिवाय दारू. त्या आठवड्यात 'तुम्ही मुक्त' असं वाचून दाखवायची सरकारची छाती झाली नाही. ५ मार्च हा त्या आठवड्याचा शेवटचा रविवार, दुसऱ्या दिवसापासून उपवास. पीटर्सबर्ग आणि मॉस्कोच्या चर्चमध्ये त्या दिवशी वाचलं, बाकी देशात पुढच्या काही आठवड्यांत. राजधानीत सैन्य तयार ठेवलं होतं. गडबड काहीच झाली नाही, कारण मेट्रोपॉलिटन (मोठा धर्मगुरू) फिलारेतने लिहिलेला तो जड मजकूर ऐकून लोकांना आपल्याला काय मिळालं तेच कळेना.

रूबलपैसा

घ्या हिशोब. बऱ्याच प्रांतांत पूर्ण वाट्याचा खंड माणशी ९ रूबल होता. पीटर्सबर्गजवळ १२, मॉस्को-यारोस्लाव्ल पट्ट्यात १०, गरीब भागांत ८. आपण ९ धरू, आकडे सरळ येतात.

किमतीचं सूत्र असं: ज्या रकमेवर ६ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ९ रूबल येतील ती रक्कम म्हणजे जमिनीची किंमत. ९ भागिले ०.०६, म्हणजे १५० रूबल.

या १५० पैकी सरकार ८० टक्के मालकाला देणार: १२०. उरलेले ३० शेतकऱ्याने मालकाला थेट द्यायचे, रोख किंवा कामाच्या रूपात. वाटा कमी असेल तर सरकारचा हिस्सा ७५ टक्के.

सरकारचे १२० शेतकऱ्याने फेडायचे ते दरसाल ६ टक्क्यांनी, ४९ वर्षं. दरसाल ७ रूबल २० कोपेक. एकूण ३५२ रूबल ८० कोपेक.

इथे बहुतेक लेखक गफलत करतात. '१२० चे ३५२ घेतले, ही सावकारी' असं लिहून मोकळे होतात. पण त्या ६ टक्क्यांतच मुद्दलाची फेड आहे. १२० रूबल कर्ज, ७.२० चा हप्ता, ४९ हप्ते, यावरून व्याजदर काढून पाहा, साधारण ५.६ टक्के येतो. त्या काळात हा दर अजिबात सावकारी नव्हता. शिवाय ९ रूबल खंडाऐवजी ७.२० हप्ता, म्हणजे दरसालचा बोजा कमीच झाला.

मेख व्याजात नाही, मुद्दलात आहे. ते १५० आले कुठून? जमिनीच्या बाजारभावातून नाही, खंडातून. आणि उत्तरेकडच्या हलक्या जमिनीच्या पट्ट्यात खंड शेतातून निघतच नव्हता. तिथला माणूस विणकाम करी, गाडी हाकी, शहरात सुतारकाम करी आणि त्या कमाईतून मालकाला खंड देई. म्हणजे खंड हा त्या माणसाच्या हातांवरचा कर होता. त्याची किंमत बांधून तीच जमिनीची किंमत म्हणून लावली. कायदा म्हणतो माणसाची मुक्ती फुकट, पण माणसाची किंमत जमिनीच्या बिलात घातलेली आहे.

पुढे अर्थशास्त्र्यांनी काढलेला ताळा असा. एकूण ठरलेली किंमत सुमारे ८६.७ कोटी रूबल. त्याच जमिनीचा १८५४-५८ च्या बाजारभावाने दाम ५४.४ कोटी. हलक्या जमिनीच्या पट्ट्यात फरक सगळ्यात मोठा: ठरवलेली किंमत ३४.२ कोटी, बाजारभावाने १५.५ कोटी. दुपटीहून जास्त. काळ्या मातीच्या पट्ट्यातही ठरवलेली किंमत ३४.२ कोटीच, बाजारभाव २१.९.

गावकुसाबाहेर

रूबलपैसा यांच्या मुद्द्याला दुजोरा देणारी एक खोच त्याच कायद्यात आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. खंड जमिनीवर सारखा पसरलेला नव्हता. हलक्या जमिनीच्या पट्ट्यात पहिल्या देस्यातीनेवर (सुमारे १.०९ हेक्टर, पावणेतीन एकराला थोडं कमी) अर्धा खंड, दुसरीवर पाव, आणि उरलेला पाव बाकीच्या सगळ्या जमिनीवर मिळून.

समजा पूर्ण वाटा ४ देस्यातीना, खंड ९ रूबल. पहिलीवर ४.५०, दुसरीवर २.२५, उरलेल्या दोन्हींवर मिळून २.२५. आता एखाद्याला २ च मिळाल्या, तर तो ६.७५ भरणार. जमीन निम्मी, खंड पाऊण. किंमत काढली तर पूर्ण वाटेकऱ्याला देस्यातीना ३७.५० ला पडते आणि अर्ध्या वाटेकऱ्याला ५६.२५ ला.

मालकाला यातून सरळ इशारा मिळतो: जमीन कमी द्या, पैसे फारसे कमी होणार नाहीत.

जुनेनकाशे

काळ्या मातीत गणित उलटं होतं, तेही नोंदवून ठेवतो. तिथे मालकाला रोकड नको, जमीन हवी. म्हणून तिथला जुलूम किमतीत कमी आणि कपातीत जास्त दिसतो.

प्रत्येक पट्ट्याला कमाल वाटा ठरलेला. हलक्या मातीत ३ ते ७ देस्यातीना, काळ्या मातीत २.७५ ते ६. किमान वाटा कमालच्या एकतृतीयांश. मुक्तीआधी शेतकरी कमालपेक्षा जास्त कसत असेल, तर वरचा तुकडा मालक कापून घेऊ शकत होता. या कापलेल्या तुकड्यांना रशियन इतिहासात 'ओत्रेझ्की' असा शब्दच आहे. व्होल्गाकाठच्या सारातोव्ह आणि समारा प्रांतांत शेतकऱ्यांची चाळीस टक्क्यांच्या आसपास जमीन अशी गेली.

पण नुसतं क्षेत्रफळ मोजून हे कळत नाही, नकाशा पाहावा लागतो. कापला जाणारा तुकडा कोणता? गवताचं कुरण, नदीवर उतरायची वाट, जंगलाची कड, किंवा गावाच्या आणि शेताच्या मधोमध घुसलेली पाचर. गुरं पाण्यावर न्यायची तर मालकाच्या जमिनीतून. ओलांडली की दंड. मग तोच तुकडा भाड्याने घ्यायचा आणि भाडं कामात फेडायचं: मालकाची अमुक इतकी जमीन नांगरून, पेरून, कापून द्यायची. वेठ कायद्याने गेली आणि पाणवठ्यावरून परत आली.

दुसरा सापळा 'भेटीचा वाटा'. कमाल वाट्याच्या फक्त पाव भाग घ्या, एक कोपेकही देऊ नका, हिशोब मिटला. जिथे मोकळी जमीन भरपूर आणि भाडं स्वस्त होतं तिथे, म्हणजे व्होल्गाकाठी आणि दक्षिण-पूर्वेला, लाखो शेतकऱ्यांनी हा पर्याय आनंदाने घेतला. कर्ज नको, हप्ता नको. पण पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या वाढली, जमिनीचं भाडं चढलं आणि देस्यातीना-दीड देस्यातीनेत घर चालेना. लोकांनीच त्याला 'भिकाऱ्याचा वाटा' हे नाव दिलं.

चौकसबाई

सरकारने मालकांना हे १२०-१२० रूबल रोख दिले? तिजोरीत युद्धानंतर एवढे होते कुठे?

रूबलपैसा

नव्हतेच. दिले ते पाच टक्क्यांचे रोखे आणि प्रमाणपत्रं. बाजारात आणली की दर्शनी किमतीपेक्षा बरेच खाली विकली जात.

त्यातही आधी कर्जवसुली. १८५९ पर्यंत मालकांच्या सुमारे दोनतृतीयांश भूदासांवर सरकारी पतसंस्थांचं कर्ज होतं. गहाण इस्टेट म्हणजे गहाण माणसं. मोबदल्यातून हे कर्ज परस्पर वळतं होई. त्यामुळे कित्येक सरदारांच्या हाती आलेली रक्कम नावापुरतीच असे!

याच्या मागे बँकेची भानगड आहे. १८५७ मध्ये सरकारने आपल्या पतसंस्थांतल्या ठेवींचं व्याज ४ वरून ३ टक्क्यांवर आणलं, रेल्वेचे शेअर खपावेत म्हणून. ठेवीदार पैसे काढून पळाले. या संस्था घेत होत्या मागताक्षणी परत करायच्या ठेवी आणि देत होत्या कित्येक दशकांची गहाण कर्जं, त्यामुळे १८५९ मध्ये इस्टेटींवर नवी कर्जं देणंच बंद झालं. म्हणजे मसुदा आयोग बसला तेव्हा तिजोरी रिकामी आणि बँका बुडालेल्या. सरकारला मुक्तीत एक पैसा स्वतःचा घालायचा नव्हता. सगळा भार शेतकऱ्याच्या हप्त्यावर बेतला याचं कारण तिथे आहे, नुसत्या सरदारधार्जिणेपणात नाही.

आणखी एक. मालकाने शेतकऱ्यांची संमती न घेता एकतर्फी विक्रीचा अर्ज केला तर त्याला सरकारी ८० टक्क्यांवरच समाधान मानावं लागे, वरचे ३० रूबल सोडावे लागत. तरी बहुसंख्य व्यवहार एकतर्फीच झाले. गाव करारावर सही करेना.

गावकुसाबाहेर

सही न करण्याचं कारणही लिहा ना. गावांची समजूत अशी की झारने दिलेली खरी मुक्ती वेगळी आहे, सरदारांनी आणि कारकुनांनी ती लपवली आहे. दोन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १८६३ ला, खरा कागद येईल. आत्ता सही केली तर आपण स्वतःच स्वतःला पुन्हा बांधून घेऊ. त्यामुळे जवळपास निम्म्या कबुलायतींवर गावाची सही नाही. कायद्यात सही नसली तरी कबुलायत लागू होण्याची सोय होतीच.

याचं टोक म्हणजे काझान प्रांतातलं बेझ्दना. अंतोन पेत्रोव्ह नावाच्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याने कायद्याचं पुस्तक वाचून त्यातल्या नमुना-तक्त्यातल्या शून्यांचा अर्थ 'खरी मुक्ती' असा लावला. आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक जमले. १२ एप्रिल १८६१ ला सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या चालवल्या, पेत्रोव्हला नंतर गोळी घालून मारलं. त्याच वर्षी खुद्द झारला गावपाटलांपुढे सांगावं लागलं की मी दिली त्यापेक्षा वेगळी मुक्ती येणार नाही.

वाचनमात्र

थोडं विरुद्ध बोलतो. हे सगळं वाचून वाटतं की सरकारला यापेक्षा चांगलं जमण्यासारखंच नव्हतं. पण जमलं की! जानेवारी १८६३ मध्ये पोलंडचं बंड सुरू झालं. १ मार्च १८६३ लाच लिथुआनियाच्या बाजूच्या प्रांतांत 'तात्पुरता बांधील' हा दर्जा संपवला, विक्री सक्तीची केली, रक्कम २० टक्के उतरवली. १८६४ मध्ये खुद्द पोलंडच्या राज्यात शेतकऱ्याला जमिनीची मालकी दिली. कारण तिथले जमीनदार बंडखोर पोलिश होते, त्यांना दाबायचं होतं. रशियन जमीनदारांच्या बाबतीत हीच सक्ती यायला १८८३ उजाडलं, तेव्हा अलेक्झांडर जिवंत नव्हता.

नेवाकाठ

मान्य. मूळ लेखात ही ओळ हवी होती.

जुनेनकाशे

'मीर'बद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडच्या रयतवारीत सारा ज्याच्या-त्याच्या नावावर. तिथे हप्ता गावाच्या नावावर. मीर म्हणजे गावसभा. जमीन तिची, वाटणी ती करणार, ठरावीक वर्षांनी फेरवाटणीही करणार, आणि एकाचं थकलं तर बाकीच्यांनी भरायचं. सरकारला हे सोयीचं, प्रत्येकाच्या दारात वसुलीदार नको.

परिणाम असा की गाव कोणाला सोडेना. एक माणूस गेला की त्याचा हप्ता बाकीच्यांच्या डोक्यावर. कायमचं बाहेर पडायचं तर वाट्यावर पाणी सोडायचं, थकबाकी फेडायची, आईवडिलांची संमती आणायची, दुसऱ्या गावाने किंवा शहरी संघाने सामावून घेतल्याचा दाखला आणायचा. जमीन कर्जावर असेल तर आपल्या हिश्श्याच्या मुद्दलाची निम्मी रक्कम भरायची आणि उरलेल्या निम्म्याची हमी मीरने घ्यायची. नुसतं कामाला शहरात जायचं तरी पासपोर्ट लागे.

शिवाय गावगटाचं, म्हणजे व्होलोस्तचं, वेगळं न्यायालय होतं. ते शेतकऱ्याला २० पर्यंत फटके देऊ शकत होतं. १८६४ च्या न्यायसुधारणेने ज्यूरी आली, वकील आले, खुली सुनावणी आली, पण शेतकऱ्याची रोजची भांडणं या फटकेवाल्या कोर्टातच राहिली.

तोफखाना

मुक्तीमागचं लष्करी कारण राहिलं. भूदास सैन्यात भरती झाला की तो भूदास राहत नसे. मग त्याला पाच-सहा वर्षं शिकवून गावी परत पाठवलं तर? गावोगावी बंदूक चालवता येणारे मोकळे लोक, आणि शेजारी त्यांचेच भाऊ भूदास. हे परवडणारं नव्हतं, म्हणून सैनिकाला वीस-पंचवीस वर्षं पलटणीतच ठेवत. शांततेत प्रचंड खर्च आणि युद्धात बोलवायला प्रशिक्षित राखीव फौज नाही. क्रिमियात हेच नडलं. भूदासपद्धत मोडल्याशिवाय राखीव फौज उभी राहणार नव्हती. वर आलेल्या निकोलाय मिल्युतिनचा भाऊ द्मित्री, १८६१ ते १८८१ युद्धमंत्री, याच मताचा.

१ जानेवारी १८७४ चा कायदा: सर्व वर्गांना लागू, चिठ्ठ्या टाकून निवड, ६ वर्षं पलटणीत आणि ९ वर्षं राखीव. एकुलत्या मुलाला सूट. शिक्षणाप्रमाणे सेवा कमी: प्राथमिक शाळा झालेल्याला ४ वर्षं, विद्यापीठ झालेल्याला ६ महिने. पलटणीत वाचायला शिकवत, त्यामुळे हजारो शेतकऱ्यांची खरी शाळा तीच. १८७७-७८ मध्ये तुर्कांशी लढताना ही व्यवस्था जेमतेम तीन-चार वर्षांची होती. प्लेव्हना या तुर्कांच्या ठाण्यापुढे पाच महिने रखडले त्याचं कारण शिपाई नव्हता, सेनापतींनी तयार खंदकांवर समोरून चढाया केल्या हे होतं.

उत्तररात्र

१ मार्च १८८१, म्हणजे झारच्या खुनाच्या दिवसाबद्दल इतर ठिकाणी सांगोवांगी फार चालते, म्हणून क्रम देतो.

सकाळी झारने गृहमंत्री लोरिस-मेलिकोव्हची योजना मान्य केली: झेम्स्त्वो (स्थानिक स्वराज्य संस्था) आणि शहरांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना कायद्याच्या मसुद्यावर सल्ल्यासाठी बोलवायचं. ती राज्यघटना नव्हती, अंतिम शब्द झारचाच राहणार होता. मग मिखाइलोव्स्की मानेझमध्ये (घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानात) पलटणीची पाहणी. क्रांतिकारकांनी मालाया सादोवाया रस्त्यावर चीजचं दुकान थाटून तळघरातून रस्त्याखाली भुयार खणलं होतं. पण गाडी त्या रस्त्याने गेलीच नाही. चुलतबहिणीकडे थांबून झार एकातेरिना कालव्याच्या काठाने निघाला. कटाचा म्होरक्या झेल्याबोव्ह दोन दिवस आधीच पकडला गेला होता, म्हणून सूत्रं त्याची साथीदार सोफिया पेरोव्स्कायाकडे. तिने माणसं कालव्याकडे हलवली.

रिसाकोव्हच्या पहिल्या बॉम्बने गाडी मोडली, झार सुखरूप. गाडीवान म्हणत होता, पुढे जाऊ. झार उतरून जखमींकडे आणि पकडलेल्या माणसाकडे गेला. तेव्हा ग्रिनेवित्स्कीने दुसरा बॉम्ब पायांशी टाकला. हिवाळी राजवाड्यात दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू. लोरिस-मेलिकोव्हची योजना मुलाने बाजूला ठेवली आणि २९ एप्रिलला निरंकुश सत्ता टिकवण्याचा जाहीरनामा काढला.

गावांत मात्र बातमी अशी फिरली की शेतकऱ्याला मुक्त केलं म्हणून सरदारांनीच झारला मारलं.

चौकसबाई

मग ते ४९ वर्षांचे हप्ते शेवटपर्यंत भरले का?

रूबलपैसा

नाही. थकबाकी इतकी साचली की डिसेंबर १८८१ मध्येच रक्कम उतरवावी लागली. त्याच वेळी उरलेल्या 'तात्पुरत्या बांधीलां'ना १ जानेवारी १८८३ पासून सक्तीने विक्रीत ओढलं. त्यांचे ४९ हप्ते संपायला १९३२ उजाडलं असतं. १९०३ मध्ये गावाची सामूहिक हमी गेली, १९०४ मध्ये फटके. १९०५ मध्ये गावोगाव जमीनदारांचे वाडे पेटले तेव्हा ३ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्याने १९०६ चा हप्ता निम्मा केला आणि १ जानेवारी १९०७ पासून बंद.

नेवाकाठ

मूळ लेखात पोलंडची आणि बँकांची भर घालतो. सरकारी जमिनीवरचे शेतकरी या धाग्यात मुद्दाम घेतलेले नाहीत. त्यांचा कायदा वेगळा, २४ नोव्हेंबर १८६६ चा, वाटे मोठे आणि बोजा हलका. कोणाकडे त्या हिशोबाचे प्रांतवार आकडे असतील तर वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर दोन्हींचा गोंधळ होईल.